स्टॉपरच्या बायकोचं शेवटचं लुगडं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते जर्स्या पिळायचं.

सोमवारची सकाळ होती. आदल्या दिवशी फायनल अर्ध्यात मोडलेली, दगडफेक झालेली. टीमच्या जर्स्या चिखलानं भरून आमच्या घरी घमेल्यात भिजत पडलेल्या. मी तालमीच्या फुटबॉल टीमचा कोच, त्यामुळं टीमचे कपडे आमच्याच घरी धुवायला यायचे आणि ते धुवायची ती. जाड सुती कापड, एकट्यानं पिळून निघायचं नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती एका अंगाला पीळ द्यायची, मी दुसऱ्या.

"जरा जोर लावा की. जेवलाय न्हवं?"

"तुझ्या भावाची मान समजून पिळतोय."

"पिळा की. मान त्याची, पाणी तुमच्याच डोळ्यातनं यील."

तिचा भाऊ पलीकडच्या पेठेचा सेंटर फॉरवर्ड. म्हणजे आमचा वैरी आणि माझा मेव्हणा. कालच्या मॅचमध्ये आमच्या मागच्या फळीतल्या स्टॉपरनं त्याला पाडलं आणि तिथनंच सगळं पेटलं. चौघांनी उचलून त्याला बाहेर नेलं. घरी आल्यापासून तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. आता त्याच स्टॉपरची जर्सी हातात आली तशी तिनं विचारलं.

"पाय मोडला का त्याचा?"

"मोडला न्हाय. मुरगळलाय. पट्टी बांधलीया म्हणं."

"पाड म्हणून तुम्ही सांगितलंतं का पोराला?"

"न्हाय."

"मग बास," म्हणाली. जर्सी झटकून दोरीवर टाकली.

मी डबा घेऊन फौंड्रीत कामाला गेलो. जेवायच्या सुट्टीच्या आधीच गल्लीतला माणूस बोलवायला आला. ती घमेलं उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली, परत उठली नाही. शेजारच्या काकूनं रिक्षा केली, सरकारी दवाखान्यात नेलं, पण दारात पोचायच्या आधीच कारभार आटोपला होता. डॉक्टर म्हणाला, डोक्यातली शीर फुटली. काय तर डोकं धरून बसली असती, चार दिवस अंथरुणात पडली असती, तर मला कळलं तरी असतं. तसं काही नाही. सकाळी माझ्यावर हसलेली बाई दुपारी घोंगड्यावर.

घरी आणून सोप्यात ठेवली. बायका जमल्या. काकूनं मला बाजूला घेतलं.

"माहेराला कळवलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

आमच्यात सवाष्ण बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. हिरवं. भावानं स्वतः घेऊन यायचं, दुसऱ्यानं आणलेलं चालत नाही. ते आल्याशिवाय बाईला उचलायचं नाही. वर्षभरापूर्वी आमच्याच गल्लीतली एक बाई गेली. तिच्या माहेराचं कुणी आलं नाही, दुकानातनं आणून नेसवलं. तेव्हा हिनं घरी येऊन मला म्हटलं होतं, "बिचारी पोरक्यागत गेली बघा." दोन दिवस तेच बोलत होती. आणि आज हिचं माहेर पलीकडच्या पेठेत. चालत गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं एवढ्यावर. पण कालच्या दंग्यापास्नं दोन्ही पेठांच्या तोंडाला पोरं बसलेली. आमच्या पोरांनी तालमीतलं लांब बाकडं रस्त्यावर आडवं टाकलं होतं आणि मागं दगडांचा ढीग. तिकडंही तसंच असणार. पोलीस दोन्हीकडं सांगून गेलेले, इकडचं माणूस तिकडं दिसता कामा नये.

बाहेरगावच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. फुटबॉलसाठी एवढं? तर आमच्याकडं एकाच तालमीत आखाडा असतो आणि फुटबॉलची टीम पण. पोरगं कुठल्या पेठेत जन्मलं त्यावर ते कुणासाठी खेळणार आणि कुणाचं डोकं फोडणार हे ठरतं. बापाला मला पैलवान करायचं होतं. मान जाड, पिंडऱ्या जाड, पळायला बेताचा. वस्ताद म्हणाले, ह्याला टीममध्ये मागं उभा करा, म्हशीगत आडवा येतोय. तेव्हापास्नं मी स्टॉपर. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. अडवणाऱ्याला घरी गेल्यावर बायको विचारते, आज कुठं लागलं.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मुंबईच्या एका कंपनीनं मला खेळायच्या पगारावर नेलं. कागदावर मी हेल्पर. सकाळी हजेरी लावायची आणि मैदानात जायचं. तिथं गेल्यावर कळलं की इतकी वर्षं आपण खेळत नव्हतो, भांडत होतो. गोव्याकडचा एक पोरगा, काडीगत बारीक, त्यानं पहिल्याच मॅचला मला असा गरगर फिरवला की लोक पोट धरून हसले. आमचा तिथला कोच म्हातारा, हिंदीत शिव्या द्यायचा. म्हणाला, "पाँव क्या देखता है बे, कमर देख." मग मी कंबर बघायला शिकलो. दुसरं त्यानं हाताचं सांगितलं. मागचा खेळाडू पायानं चुकत नाही, हातानं चुकतो. ओढतो, ढकलतो, आणि रागाच्या भरात नको ते करतो.

गुडघा गेला तसं कंपनीनं सांगितलं, आता खरंच हेल्परचं काम कर. मी गाशा गुंडाळून गावाकडं आलो, फौंड्रीत लागलो, आणि तालमीनं मला कोच केलं. ते हाताचं मी आमच्या पोरांना चुरमुऱ्यावर शिकवलं. मागच्या फळीतल्या पोरांनी दोन्ही मुठीत चुरमुरे घेऊन प्रॅक्टिस करायची. मूठ सैल ठेवायची. शेवटाला मूठ उघडून दाखवायची. चुरमुरे अख्खे असले तर खायचे, पीठ झालं असलं तर ग्राऊंडला फेऱ्या मारायच्या. पोरं सुरुवातीला हसायची. "आण्णा, भडंग करून द्या, म्हणजे खाली सांडणार न्हाय." ही खरंच भडंग करून द्यायची, पण प्रॅक्टिस झाल्यावर.

लग्न मी मुंबईला असतानाच झालं. मुरगूडच्या एका पावण्यानं जुळवलं. पोरगी पलीकडच्या पेठेतली आहे म्हटल्यावर आमच्या तालमीत मला म्हणाले, "बायको न्हाय, हेर आणलास घरात." माझा सासरा लग्नातच म्हणाला होता, खेळाचं मैदानात, घरचं घरात. तो गेला, पण हिनं ते सांभाळलं. मॅच जवळ आली की तिचा भाऊ आमच्याकडं फिरकायचा नाही. दिवाळीला ओवाळायला मात्र यायचा आणि तेव्हा आम्ही दोघं उसाच्या दरावर बोलायचो. मॅचच्या दिवशी ती ग्राऊंडवर कधी आली नाही. घरात बसून फटाके कुठल्या अंगाला वाजतात ते ऐकायची. कुठं का वाजेनात, तिचं कुणीतरी हरलेलंच असायचं.

तर आता तिच्या भावाला कळवायचं कुणी? आमच्यातला कुणीही गेला असता तर डोकं फोडून घेतलं असतं. तालमीचे वस्ताद आले. माझ्यापेक्षा म्हातारे, त्यांनीच मला पोरवयात मागं उभा केलेला. म्हणाले, "वेळ अशी हाय. माझी सून एक कोरं लुगडं देतीया. नेसवूया आणि उचलूया. दिवस मावळायच्या आत नदीवर पोचाय पाहिजे."

"न्हाय," मी म्हटलं.

"अरं, हट्ट करतोयस व्हय?"

"व्हय. माहेरचं आल्याशिवाय ती हालायची न्हाय."

बायकांच्यात कुजबुज झाली. कुणी म्हणालं बरोबर आहे, कुणी म्हणालं उगंच माणसं मरायची एका लुगड्यापायी.

शेवटी चाचा धावून आले. चाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचे शिंपी. दोन्ही तालमींच्या जर्स्या तेच शिवायचे, आणि दोन्हीकडचे लोक त्यांच्या दुकानात बसून एकमेकांना शिव्या द्यायचे. सायकल काढली.

मी म्हटलं, "चाचा, जपून. दगुड टाकतील."

"टाकू देत. पुढच्या वर्षी नागडी खेळा म्हणंन."

ते गेले. मी सोप्यात तिच्या उशाला बसलो. ऊन अंगणातनं सरकत होतं. तेवढंच बघत होतो. ऊन जात्याजवळ आलं, जात्यावर चढलं, उतरलं. मैदानात आपण एका गोलनं पुढं असलो आणि शिट्टी वाजायची वाट बघत असलो की कशी वेळ हालत नाही, तसं. इथं उलटं होतं. वेळ धावत होती आणि मी तिला धरू शकत नव्हतो.

चाचा आले. घामानं भिजलेले.

"कळवलं. रडला खूप. येतो म्हणाला. लुगडं आणायला माणूस पाठवलाय."

"मग?"

"मग काय. एकटा येतो म्हणत होता, पण त्याची पोरं सोडंनात. त्याला चालता येत न्हाय. सायकलवर बसवून आणतो म्हणत्यात. सगळी तालीम मागनं येणार."

सोप्यातल्या बायका एकदम उठल्या. वस्ताद कपाळावर हात मारून बसले. मला जे कळलं ते सगळ्यांनाच कळलं होतं. ती पोरं सायकलच्या मागं आमच्या पेठेत शिरली आणि इकडनं एक दगड गेला, तर लुगडं राहील रस्त्यात आणि माझ्या दारात दोन प्रेतं पडतील.

मी उठलो. तोंडावर पाणी मारलं आणि पेठेच्या तोंडाला गेलो.

बाकडं तसंच आडवं. त्यावर आमचा स्टॉपर बसलेला, तोच, ज्यानं मेव्हण्याला पाडलं. भुवईवर टाके घातलेले. उठून उभा राहिला.

"आण्णा, वैनीचं लई वाईट झालं."

"बाकडं काढ."

"का?"

"तिचा भाऊ येतोय लुगडं घेऊन. संगट त्यांची पोरं हायती."

मागनं दुसरा एक म्हणाला, "त्यांची पोरं? आत? काल आमच्या म्हाताऱ्याला दगुड लागलाय, ते विसरलासा?"

"विसरलो न्हाय."

"मग भावानं एकट्यानं यावं. त्याला कोण हात लावणार न्हाय. बाकीच्यांना आम्ही आत सोडणार न्हाय. तुम्हीच तर सांगता, आत कुणाला सोडायचं न्हाय."

"मी मैदानातलं सांगतो. ही गल्ली हाय."

"कालपास्नं दोन्ही एकच झालंय, आण्णा."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. मी ओरडलो असतो तर त्यांनी बाकडं काढलं असतं. मला तेवढा मान होता. पण हातातले दगड टाकले नसते. एखादा मागच्या मागं लपवून उभा राहिला असता, आणि तेवढा एक पुरे होता. मला त्यांचे हात पाहिजे होते.

अंत्ययात्रेत उधळायला आमच्यात चुरमुरे आणि सुट्टे पैसे घेतात. काकूनं कोपऱ्यावरच्या दुकानातनं चुरमुऱ्याचं पोतं आणून आमच्या दारात ठेवलं होतं. मी परत गेलो आणि ते पोतं पाठीवर घेऊन आलो. बाकड्यावर ठेवून तोंड सोडलं.

"लाइन धरा," मी म्हटलं.

कुणी हाललं नाही.

"ऐकू येत न्हाय व्हय? दोन्ही भिंतींना लाइन धरा. मुठी भरा. दोन्ही."

"आण्णा, हितं?"

"हितं. वैनीचं हाय ते. तिच्यावर उधळायचं हाय. एक जरी मोडला तर बघा."

पहिल्यांदा स्टॉपर पुढं आला. हातातला दगड त्यानं गटारीत टाकला, हात चड्डीला पुसले, आणि दोन्ही मुठी भरल्या. मग दुसरा आला. मग बाकीचे, जे कधी खेळले पण नव्हते, नुसते दगड मारायला जमलेले, तेही आले. मी एकेकाच्या मुठीत चुरमुरे घालत होतो आणि मूठ सैल आहे का बघत होतो. दोघं-तिघं घरी निघून गेले. जाऊ दिले. बाकडं चाचांनी आणि मी उचलून बाजूला ठेवलं.

तेवढ्यात ते दिसले.

पुढं एक पोरगा सायकल हातानं ढकलत आणि मधल्या दांडीवर मेव्हणा, पट्टी बांधलेला पाय लांब सोडून. मांडीवर कागदात बांधलेलं लुगडं, दोन्ही हातांनी धरलेलं. मागं पोरं, रस्ता भरून. काही जणांच्या हातात काठ्या. आमच्या तोंडाला आल्यावर ते थांबले. दोन्ही भिंतींना आमची पोरं मुठी पुढं धरून उभी. त्यांना वाटलं मुठीत दगड आहेत. काठ्या वर झाल्या.

मी मध्ये गेलो. मी आमच्या पोरांना म्हटलं, "दाखवा."

त्यांनी मुठी उघडल्या. थोडे चुरमुरे वाऱ्यावर खाली पडले.

मग मेव्हण्यानं मागं न बघता म्हटलं, "काठ्या ठेवा खाली." एकदा म्हटलं, मग शिवी घालून परत म्हटलं. काठ्या भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. त्यांची पोरं तिथंच थांबली, आत आली नाहीत. सायकल एकटी आत आली.

मेव्हणा नेमका आमच्या स्टॉपरसमोर थांबला. का ते मला माहीत नाही. दोघं एकमेकाकडं बघत राहिले. मी स्टॉपरच्या कंबरेकडं बघत होतो. कंबर हालली नाही.

"उतरता येत न्हाय मला," मेव्हणा म्हणाला. "हात दे."

पोरानं माझ्याकडं बघितलं. दोन्ही मुठी भरलेल्या.

"आण्णा, हात मोकळं करू?"

"कर."

त्यानं चुरमुरे शर्टाच्या खिशात घातले आणि मेव्हण्याच्या काखेत हात घालून त्याला उतरवलं. तसाच धरून आमच्या दारापर्यंत घेऊन आला. वाटेत मेव्हणा त्याला म्हणाला, "लई जोरात घातलास रं काल." पोरगं म्हणालं, "बॉलवर गेलतो." "बॉल कुठं, मी कुठं." "तसंच झालं खरं." एवढंच.

सोप्यात आल्यावर मेव्हणा तिच्या पायाशी बसला. म्हणाला, "दाजी, आईला आणलं न्हाय. तिला चालवत न्हाय, आणि ह्या गर्दीतनं आणायचं कसं?" मग कागद सोडला. हिरवं लुगडं, लाल काठ. बायकांनी आम्हाला बाहेर घालवलं आणि तिला नेसवलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही निघालो. मेव्हण्याला खांदा देता येईना, तो रिक्षातनं मागनं आला. पलीकडची पोरं पेठेच्या तोंडापास्नं मागं लागली, थोडं अंतर सोडून. दोन्हीकडचे बोलले नाहीत. घाटावरनं परतताना कुणीतरी दोन दगड टाकलेच, कुठल्या अंगानं ते आजपर्यंत कळलं नाही. पेठांचं काही जुळलं नाही. ती मॅच पुढं परत खेळवली, आम्ही हरलो, आणि लोक म्हणाले कोचनं सासुरवाडीला मॅच दिली. म्हणू देत.

मला एवढंच सांगायचं होतं की ती पोरकी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. घरात बायका झोपलेल्या. चूल बंद. काकू दारात होती, म्हणाली, "सुतकात कुठं निघाला?" मी म्हटलं, येतो. पेठेच्या तोंडाला बाकडं नव्हतं. मी सरळ पलीकडच्या पेठेत गेलो. इतक्या वर्षांत मॅचच्या दिवसांत तिथनं मी कधी उजेडात गेलो नव्हतो. दारं उघडत होती, लोक दात घासत होते आणि थांबून बघत होते. कुणी वाट अडवली नाही.

सासू उंबऱ्यावर बसली होती. शेजारी रिकामी घागर. मेव्हणा आत पाय वर करून पडलेला.

"मामी," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. "नळ आलाय," ती म्हणाली. "रोज त्योच भरतोय. आज त्याला उठवंना."

मी घागर उचलली. कोपऱ्यावर नळाला बायका-बाप्यांची रांग होती. मी शेवटाला उभा राहिलो. पुढं एक जण होता, त्यांच्या तालमीतला, जो ग्राऊंडवर वर्षानुवर्षं माझ्या आईवरनं शिव्या घालायचा. त्यानं मागं वळून बघितलं, ओळखलं, आणि बाजूला सरकला.

"पावणं, भरा आधी."

"तुझी भर. माझा नंबर आला की भरतो."

नंबर आला तसा भरली. खांद्यावर घेऊन आलो, शर्ट भिजला. म्हातारीनं घागरीत हात बुडवून तोंडावरनं फिरवला. तिला विचारायचं होतं बहुतेक, शेवटचं काय झालं, काय बोलली. पण विचारलं नाही.

"जावई, आणि एक खेप घालता का?"

घातली.